हातातलं काम आणि रांगेतलं काम

गेल्या काही महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांत एक तक्रार पुन्हा पुन्हा दिसते: दिवसभर राबतो, पण एकही काम मनासारखं उतरत नाही. म्हणून या वेळचं सदर त्याच प्रश्नाला दिलं आहे. एका वेळी कमी कामं हातात घ्या, पण ती उत्तम करून पुरी करा, हे माझं म्हणणं; काही पत्रं त्यालाच धरून आहेत. पत्रं थोडी आटोपशीर केली आहेत, नावं गाळली आहेत. नव्या वाचकांसाठी सांगते, मी पुस्तकांचं संपादन आणि मुद्रितशोधन करते. त्यामुळे उदाहरणं बहुतेक माझ्या टेबलावरचीच येतील.

प्रश्न : ताई, मी अनुवादाची कामं घेते. सध्या तीन संस्थांची तीन पुस्तकं हातात आहेत. आपल्याकडे दुर्लक्ष होतंय असं कुणाला वाटू नये म्हणून मी तिन्ही आलटून पालटून करते, एक दिवस हे, एक दिवस ते. तरीही तिन्ही उशिरा जातात आणि वाचून पाहिलं की भाषा सपाट वाटते. मेहनतीत मी कमी पडत नाही. मग अडतंय कुठे?

तुमची मेहनत पुरेशी आहे. बदलायला हवा तो कामांचा क्रम. आधी एक साधा हिशेब करू. समजा, तिन्ही कामं चार-चार दिवसांची आहेत. रोज एक याप्रमाणे फिरवत गेलात, तर पहिलं काम दहाव्या दिवशी पुरं होतं, दुसरं अकराव्या, तिसरं बाराव्या. तीच कामं एकामागून एक केलीत, तर पहिलं चौथ्या दिवशी हातावेगळं होतं, दुसरं आठव्या आणि तिसरं बाराव्याच दिवशी. तिसऱ्या संस्थेचं काहीच बिघडलं नाही. दुसरीला तीन दिवस आधी मिळालं, पहिलीला सहा दिवस आधी. सगळ्यांना सांभाळायच्या नादात तुम्ही दोघांना थांबायला लावता आणि तिसऱ्याच्या पदरात त्यातून काहीच पडत नाही. माझ्याकडे शिकायला येणाऱ्यांना मी हा हिशेब स्वतःच्या हाताने कागदावर मांडायला लावते, कारण नुसता ऐकला की पटतो आणि दुसऱ्या दिवशी विसरतो.

आणि या हिशेबात एका कामावरून उठून दुसऱ्यावर बसण्याची किंमत धरलेलीच नाही. मानसशास्त्रज्ञ ही किंमत फार वर्षांपासून मोजत आले आहेत. आर्थर जेर्सिल्ड यांचे त्यावरचे प्रयोग १९२७ मध्ये प्रसिद्ध झाले. १९९५ मध्ये रॉबर्ट रॉजर्स आणि स्टीफन मॉन्सेल यांनी पडद्यावर एक अक्षर आणि एक आकडा शेजारी शेजारी दाखवले. दोन वेळा सांगायचं, अक्षर स्वर आहे की व्यंजन. पुढच्या दोन वेळा सांगायचं, आकडा सम आहे की विषम. कामं इतकी सोपी, बदल कधी होणार तेही आधीपासून माहीत, तयारीला वेळही दिलेला. तरी प्रत्येक बदलानंतर माणसं अडखळली. तयारीला जास्त वेळ दिल्यावर अडखळणं कमी झालं, पण गेलं नाही. सोफी लेरॉय यांनी २००९ मध्ये दाखवलं की अर्धवट सोडलेल्या कामाचा काही भाग मनात रेंगाळत राहतो आणि पुढच्या कामाच्या वाट्याला उरलेलंच लक्ष येतं.

स्वर-व्यंजन ओळखताना ही गत, तर अख्ख्या पुस्तकाचं काय? मी हस्तलिखित वाचते तेव्हा शेजारी एक नोंदींचा कागद असतो. या पुस्तकात आकडे अंकी लिहिलेत की अक्षरी, संवाद एकेरी अवतरणात आहेत की दुहेरी, ‘शशी’ हे नाव लेखकाने ऱ्हस्व लिहिलंय की दीर्घ, परकी नावं कुठल्या उच्चाराने घेतलीत. पण कागदावर मावतं ते निम्मंच. बाकीचं डोक्यात असतं: लेखक वाक्य कुठे तोडतो, ‘परंतु’ लिहितो की ‘पण’, चाळिसाव्या पानावर दहा वर्षांचा असलेला मुलगा दोनशेव्या पानावर, मधे तीन वर्षं उलटल्यावर, किती वर्षांचा असायला हवा. मधेच दुसरं हस्तलिखित उघडलं की हे सगळं विस्कटतं. परत आल्यावर मागची काही पानं पुन्हा वाचल्याशिवाय ते जागेवर येत नाही. घाईत आपण ती पानं वाचत नाही, आणि नेमक्या तिथेच चुका निसटतात.

अनुवादात तर मूळ लेखकाचा आवाज कानात बसायलाच वेळ लागतो. तुम्ही आळीपाळीने तीन आवाज ऐकता, आणि कागदावर उतरतो तो तिघांच्या मधला, कुणाचाच नसलेला आवाज. भाषा सपाट वाटते ती यामुळेच असावी, असं मला वाटतं.

तेव्हा आज तिन्ही संस्थांना पत्र लिहा. ‘तुमचं काम लगेच सुरू करते’ असं लिहू नका. ‘अमुक तारखेला सुरू करीन, अमुक तारखेला देईन’ असं लिहा. माणसांना थांबणं तितकं खुपत नाही. किती थांबायचं हे न कळणं जास्त खुपतं. दुपारी डोकं शिणलं की जोडीला काहीतरी हलकं ठेवायला हरकत नाही: पत्रव्यवहार, हिशेब, शब्दांच्या याद्या. पण आवाज ऐकावा लागतो असं पुस्तक एका वेळी एकच.

प्रश्न : ‘कमी कामं घ्या’ हे ज्याला निवडीची मुभा आहे त्याला ठीक. मी नोकरी करतो. साहेब रोज नवं काम देतात, जुनं कुठवर आलं ते विचारत नाहीत, आणि प्रत्येक काम तातडीचंच असतं. नकार द्यायची सोय नाही. मी काय करावं?

नकार देऊ नका. क्रम मागा. तुमच्या टेबलावरच्या कामांची दोन भागांत वाटणी करा: हातातली आणि रांगेतली. आपण सहसा दिलं गेलेलं प्रत्येक काम लगेच ‘सुरू’ करून टाकतो. फाइल उघडतो, दोन ओळी लिहितो, कुणाला तरी फोन करतो. तेवढ्याने आपल्यालाही बरं वाटतं आणि साहेबांनाही. पण सुरू केलेलं प्रत्येक काम बाकीच्यांना मागे ढकलतं.

याचं गणित आहे. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये रांगांबद्दलचा एक नियम सिद्ध केला, तो दवाखान्यापासून कारखान्यापर्यंत सगळीकडे वापरला जातो. आपल्या कामाला लावला तर तो असा: एक काम पुरं व्हायला सरासरी किती काळ लागतो हे काढायचं तर हातातल्या कामांची संख्या, आठवड्याला जितकी कामं पुरी होतात त्या संख्येने भागायची. हातात बारा कामं आणि आठवड्याला तीन पुरी होत असतील, तर प्रत्येक कामाला सरासरी चार आठवडे. हातात सहाच ठेवलीत आणि पुरं करण्याचा वेग तोच राहिला, तर दोन आठवडे. माणूस तोच, मेहनत तीच. अर्थात रांगेत थांबलेल्या कामाचा वेळ त्यात येत नाही. पण रांगेतलं काम अजून कच्चं असतं. त्याचा क्रम बदलता येतो, ते दुसऱ्याला देता येतं, आणि अनेकदा त्याची गरजच सरते. अर्धवट केलेल्या कामाचं यातलं काहीच करता येत नाही.

साहेबांशी बोलताना तक्रारीचा सूर नको. असं बोलून पाहा: ‘साहेब, तिमाही अहवाल सध्या हातात आहे, गुरुवारी होतो. हे नवं काम त्याच्या आधी घेऊ की नंतर? आधी घेतलं तर अहवाल सोमवारवर जाईल.’ यात नकार नाही आणि रडगाणंही नाही. निर्णय ज्याचा आहे त्याच्यासमोर तो ठेवला, एवढंच. काही साहेब म्हणतील, ‘दोन्ही करा.’ मग क्रम तुम्हीच ठरवा आणि दोन ओळींत लेखी कळवा: आधी हे करतो आहे, ते अमुक दिवशी मिळेल. आक्षेप असेल तर येईल. बहुतेकदा येत नाही.

अजून एक. दिवस काठोकाठ भरू नका. कामं अनियमित येत असतील आणि त्यांना लागणारा वेळही कमीजास्त असेल, तर रांगेचं साधं गणित सांगतं की माणूस ८० टक्के वेळ गुंतलेला असताना नव्या कामाला सरासरी एका कामाच्या चौपट वेळ थांबावं लागतं. ९० टक्क्यांना नऊपट, ९५ टक्क्यांना १९ पट. अख्खा दिवस आखून ठेवला की एक फोन आला तरी सगळं कोलमडतं, आणि पहिला बळी जातो तो तपासण्याच्या वेळेचा. दर्जा नेमका तिथेच राहतो: लिहून झाल्यावर पुन्हा वाचण्यात, बेरीज पुन्हा करून पाहण्यात.

हेही स्पष्ट सांगते की कामच जर दोन माणसांचं असेल आणि करणारा एक असेल, तर क्रम लावून ते भागणार नाही. पण दोन याद्या समोर असल्या की ते दिसतं तरी, आणि साहेबांनाही दाखवता येतं.

प्रश्न : मी चित्रकार आहे आणि मला तुमचं म्हणणं पटत नाही. हजारो चित्रं काढल्याशिवाय हात वळत नाही. पिकासोने किती काम केलं! ‘थोडं पण उत्तम’ हा मला न करण्याचा बहाणा वाटतो. दर्जा संख्येतूनच येतो, असं नाही का?

तुमचा आक्षेप मला फार मोलाचा वाटतो, कारण ‘थोडं पण चांगलं’ म्हणत वर्षानुवर्षं काहीच न करणारी माणसं मीही पाहते. डीन कीथ सायमनटन यांनी कलावंत आणि शास्त्रज्ञांच्या आयुष्यभराच्या कामाचा अभ्यास केला, त्याचा निष्कर्ष तुमच्याच बाजूचा आहे: ज्यांच्या नावावर गाजलेली कामं जास्त, त्यांच्या नावावर विसरली गेलेली कामंही जास्त. संख्या हवीच.

पण प्रश्न असा विचारा: ही माणसं एका क्षणी किती गोष्टींत पाय अडकवून बसलेली असतात? संगीतकार योहान सेबास्टियन बाख १७२३ मध्ये लाइपझिगला रुजू झाला. पहिल्या काही वर्षांत त्याने चर्चमधल्या उपासनेसाठी गायक-वादकांच्या रचना जवळपास दर आठवड्याला दिल्या, बहुतेक नव्या, काही जुन्याच नव्याने बांधलेल्या. संख्या प्रचंड. पण रविवार उजाडला की रचना सादर व्हायची आणि तिथे ती संपायची. समोर पुढचा रविवार. त्याच्याकडे अर्धवट रचनांचा ढीग घेऊन बसायची सवडच नव्हती.

ग्रेगोर मेंडेलचं उदाहरण मला याहून जवळचं वाटतं. आनुवंशिकतेचे नियम शोधायचे तर आधी वाटाणा, मग त्यातली लक्षणं, अशी त्याने निवड बारीक करत आणली. वाटाण्याचे ३४ वाण मिळवले आणि दोन वर्षं नुसते लावून पाहिले, ते आपला गुण पिढीमागून पिढी टिकवतात का हे तपासायला. त्यातले २२ ठेवले. मग लक्षणं निवडली ती सातच, आणि तीही अशी की पाहताक्षणी सांगता यावीत: बी गोल की सुरकुतलेलं, कच्ची शेंग हिरवी की पिवळी, झाड उंच की बुटकं. इतर असंख्य गोष्टी त्याच्या डोळ्यांसमोर होत्या, पानाचा आकार, फुलण्याची वेळ. त्या त्याने या मोजणीत घेतल्या नाहीत. आणि त्या सात लक्षणांसाठी १८५६ ते १८६३ या काळात त्याने सुमारे २८ हजार झाडं वाढवली, दाणे मोजले. एकाला तीन हे प्रमाण दिसलं ते त्या मोजणीमुळे. थोड्याशा झाडांत ते दिसलंच नसतं.

आता सांगा, मेंडेलने कमी काम केलं की जास्त? प्रश्न कमी घेतले आणि प्रत्येक प्रश्नावर अफाट काम केलं. माझं म्हणणं तेवढंच आहे. वर्षाला शंभर चित्रं काढा, मनापासून काढा. पण आज चित्रफलकावर एक असू द्या, आणि ते पुरं झाल्याशिवाय, किंवा सोडून दिल्याचं स्वतःला नीट सांगितल्याशिवाय, पुढच्याला हात लावू नका. तैलरंग सुकायला दिवस लागतात म्हणून दोन-तीन कॅनव्हास शेजारी ठेवावे लागतात हे मान्य. ती रंगाची गरज झाली. पुरं न करता सुरूच करत गेलं तर हात फक्त सुरुवातीला वळतो. शेवटचा टप्पा, जिथे रंग कुठे थांबवायचा ते ठरवावं लागतं, त्याचा सराव होतच नाही. आपल्याकडे आरंभशूर हा शब्द आहे तो अशांसाठीच, आणि त्यातले बरेच जण खरोखर गुणी असतात, म्हणून मला हळहळ वाटते.

प्रश्न : मी कॉलेजात आहे. फोटोग्राफी, गिटार, जपानी भाषा, कोडिंग, सगळं सुरू केलंय आणि सगळंच आवडतं. एक धरलं की बाकीचं सुटल्याची चुटपुट लागते. कशातही लक्ष राहत नाही.

आवडी भरपूर असणं हे तुझं भाग्य आहे, त्या मारू नकोस. चुटपुटीवर मात्र उपाय आहे. मासिकाम्पो आणि बाउमाइस्टर या संशोधकांनी २०११ मध्ये काही प्रयोग केले. ज्यांच्या मनात एखादं पुरं न झालेलं काम घोळत होतं, त्यांचं समोरचा मजकूर वाचताना लक्ष भरकटायचं. पण ते काम कधी आणि कसं करणार हे ज्यांच्याकडून नेमकं ठरवून घेतलं, त्यांच्या मनातलं ते घोळणं थांबलं. काम झालेलं नव्हतंच. फक्त ठरलं होतं.

तेव्हा एक कागद घे. चारांतलं एक निवड, पुढच्या सत्रापुरतं. बाकीच्या तिन्हींपुढे लिही: पुन्हा कधी उघडणार, आणि उघडल्यावर पहिली गोष्ट कोणती करणार. ‘गिटार, नंतर’ असं नको. ‘परीक्षा संपली की, त्या गाण्याचं दुसरं कडवं, बार कॉर्डपासून’ असं लिही. कुठलं निवडू, असं विचारशील. ज्यात कंटाळवाणा भागही तुला करावासा वाटतो, ते.

प्रश्न : मी निवृत्त प्राध्यापक आहे. तुम्ही सांगता तसं एकच काम हाती आहे, माझ्या विषयावरचा एक मोठा लेख. तीन वर्षं झाली. प्रत्येक वाचनात काहीतरी सुधारावंसं वाटतं. दुसऱ्या लेखाची टिपणंही तयार आहेत, पण पहिला हातून सुटत नाही.

सर, तुमचं पत्र वाचून मला गाउसची आठवण झाली. त्या थोर गणितज्ञाच्या शिक्क्यावर मोजकी फळं लागलेलं झाड होतं, आणि ब्रीद असं की थोडंच, पण पिकलेलं. त्याच्या कामाची सफाई त्या ब्रीदाला शोभते. पण युक्लिडबाहेरच्या, म्हणजे शाळेत शिकतो त्याहून वेगळे नियम असलेल्या भूमितीवर त्याने पुष्कळ विचार केला आणि तो प्रसिद्ध केला नाही. लोबाचेव्हस्की यांनी तो विषय १८२९ मध्ये मांडला, यानोश बोयाई यांचं काम १८३२ मध्ये आलं. बोयाईच्या वडिलांना गाउसने लिहिलं की तुमच्या मुलाची स्तुती करणं म्हणजे माझी स्वतःची स्तुती करणं होईल. तरुण बोयाईला ते फार लागलं. पिकलेलं फळ झाडावरच ठेवल्याने तिथे कुणाचंच भलं झालं नाही, असं माझं मत आहे.

आमच्या व्यवसायात याला एक व्यवस्था आहे, ती तुम्हाला उपयोगी पडेल. वाचनं किती करायची आणि प्रत्येक वाचनात काय बघायचं हे काम हातात घेतानाच ठरतं. पहिलं वाचन अर्थासाठी: काही सुटलंय का, काही दोनदा आलंय का. दुसरं अक्षर अक्षर: वेलांट्या, उकार, अनुस्वार, विरामचिन्हं. त्या वाचनात मी मजकुराच्या प्रेमात पडायचं नाही असं ठरवलेलं असतं, कारण वाक्य आवडलं की डोळा अक्षरावरून घसरतो. तिसऱ्या वाचनात मजकूर वाचतच नाही. फक्त शीर्षकं, चित्रांखालच्या ओळी, पृष्ठक्रमांक, सूची आणि आकडे. सगळ्यात मोठ्या टायपातली चूक सगळ्यांच्या नजरेतून सुटते, म्हणून शीर्षकं वेगळी बघायची. आकडे एकाने मोठ्याने वाचायचे आणि दुसऱ्याने मुळाशी ताडून पाहायचे. एकट्याने आकडे तपासू नयेत. इतकं झालं की मजकूर छापायला जातो. नंतर सुचलेला बरा शब्द पुढच्या आवृत्तीच्या फाइलमध्ये जातो. छपाई थांबते ती फक्त माहितीच चुकीची निघाली तर.

तुमच्या लेखाला हेच लावा. एक वाचन युक्तिवादासाठी, एक संदर्भ आणि तारखांसाठी, एक भाषेसाठी. प्रत्येक वाचनात फक्त त्याच गोष्टीला हात लावायचा. मग त्या विषयातल्या एका माणसाला वाचायला द्या, पण आधी तारीख ठरवून. तो दाखवेल तेवढं दुरुस्त करा आणि नियतकालिकाकडे पाठवून द्या. त्याच दिवशी दुसऱ्या लेखाची टिपणं टेबलावर घ्या. त्याचं पहिलं पान झालं की मला पाठवा सर, आवर्जून वाचेन.